वनिताच्या बाळाचे तीन फोटो

गुरुवार, २४ जुलै. सकाळचे दहा चाळीस. नवजात शिशू कक्ष, तिसऱ्या क्रमांकाचा वॉर्मर, म्हणजे बाळाला ऊब देणारी खाट.

हजर: डॉ. रेवती, बालरोगतज्ज्ञ, आमच्याकडे रुजू होऊन तीन आठवडे. भोंगाडे सिस्टर, कक्षाच्या इन्चार्ज. मी, एक्स-रे तंत्रज्ञ, नोकरीचं सव्विसावं वर्ष. काचेबाहेर कौसल्याबाई, बाळाची आजी, आईची आई. आणि बाळ. मुलगी, वय चार दिवस, वजन एक किलो चारशे वीस ग्रॅम. नाव अजून ठेवलं नव्हतं. पायाच्या पट्टीवर लिहिलं होतं, ‘वनिताचे बाळ’.

गैरहजर: वनिता. सिझरचे टाके ओले होते म्हणून वरच्या मजल्यावर झोपून.

ही हजेरी माझ्या वहीतली आहे. मला याद्या करायची सवय आहे. घरी किराणा, गॅसचा नंबर, भावाच्या मुलांचे वाढदिवस. कामावर नवजात बाळांच्या एक्स-रेची वेगळी वही. ती ठेवायला मला कुणी सांगितलं नव्हतं. रकाने मीच आखले: तारीख, वजन, कारण, मशीनचे आकडे, आणि शेवटचा रकाना ‘पुन्हा काढावा लागला का?’ या शेवटच्या रकान्यात ‘नाही’ लिहिताना मला फार बरं वाटायचं. तेच बरं वाटणं मला कुठे घेऊन गेलं, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी काम काय ते सांगते, कारण बहुतेकांना वाटतं की बटन दाबलं की झालं.

मोठ्या माणसाला सांगता येतं, श्वास घ्या, धरा, हलू नका. एक किलोच्या बाळाला काय सांगणार? त्याचं पोट बघत उभं राहायचं. पोट वर आलं, म्हणजे श्वास आत गेला, की त्याच क्षणी बटन. श्वास मिनिटाला सत्तर-ऐंशी चाललेला असतो, तेव्हा तो क्षण पापणी लवण्याएवढाही नसतो. चुकला तर फुप्फुसं आक्रसलेली दिसतात आणि निरोगी बाळही आजारी वाटतं. मान थोडी वळली तरी छाती एका बाजूला सरकते. इकडे सिस्टर शिशाचं ॲप्रन घालून दोन बोटांनी बाळाचे हात वर धरून ठेवतात.

दुसरं, किरण. एक्स-रेचे किरण बाळाला लागतातच, ते टाळता येत नाही. एका फोटोचा डोस थोडासाच असतो. पण या बाळांचं अख्खं आयुष्य पुढे असतं, आणि कमी दिवसांच्या बाळाचे आठ-पंधरा दिवसांत चार-पाच फोटोही होतात. म्हणून जपून वापरायचं. मशीनवर दोन आकडे असतात. एक किरणांचा जोर ठरवतो, दुसरा किरण किती सोडायचे ते. किरण कमी सोडले तर बाळाला डोस कमी, पण फोटोवर वाळू सांडल्यासारखे ठिपके येतात. जास्त सोडले तर फोटो गुळगुळीत, सुंदर. किंमत बाळ देतं.

फिल्मच्या काळी ही चूक लपत नव्हती. किरण जास्त झाले की फिल्म काळी पडायची आणि डॉक्टर ओरडायचे. संगणक आला आणि ओरडणं बंद झालं. जास्त डोसचा फोटो आता उलट छानच दिसतो, डॉक्टर ‘वा’ म्हणतात. म्हणून तंत्रज्ञाचा हात आपोआप वर वर सरकतो. कुणी मुद्दाम करत नाही. कौतुक होईल तिकडे माणूस जातो.

संगणकाने आणखी एक वाईट सोय दिली. मशीनमधून उजेडाची एक चौकट बाळावर पडते. तेवढ्याच भागाला किरण लागतात. चौकट नेमकी छातीपुरती लावायला अर्धा मिनिट जातो. ती मोठी ठेवली, बाळ हनुवटीपासून गुडघ्यापर्यंत आत घेतलं, आणि नंतर संगणकावर छातीपुरता फोटो कापला, तर कुणाला कळत नाही. फोटो नीटनेटका दिसतो. पण ज्या पोटाला, ज्या मांड्यांना किरण लागायचं कारण नव्हतं, त्यांना लागून गेलेले असतात. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मीही असे फोटो कापले आहेत. किती, ते मोजलेलं नाही. माझ्याकडे सगळ्या याद्या आहेत, तेवढी नाही.

हे कळल्यावर मी वही सुरू केली. आधी चौकट आवळली. मग आकडे उतरवायला लागले. दर महिन्याला एक पायरी खाली. आमचे तेव्हाचे बालरोगतज्ज्ञ निवृत्तीला आलेले, तीस वर्षं फोटो वाचलेले. वाळूतूनही त्यांना दिसायचं. ते म्हणायचे, “ताई, चालेल.” वर्षाच्या बैठकीत माझा तक्ता भिंतीवर लावला गेला. डोस खाली, पुन्हा काढलेले फोटो शून्य. टाळ्या पडल्या. मग मी आणखी एक पायरी उतरले.

आमच्याकडे फोटो काढायचा म्हटलं की घरचे लोक खुश होतात, हेही सांगायला हवं. साकोलीकडच्या एका मामाने भाचीच्या कपाळाला तीट, डोळ्यात काजळ आणि डोक्याला गोंड्यांची टोपी घालायला लावली होती. “फोटू हाय ना जी, मंग लेकरू सजवाले नको?” मी त्याला पडद्यावर भाचीच्या बरगड्या दाखवल्या. तो पडद्याजवळ वाकला आणि म्हणाला, “हे व्हाट्सपवर टाकाचं नाही वाटते.”

आता त्या गुरुवारकडे येते.

वनिताचं माहेर मोहाडीकडचं. घरी हातमाग, कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणणारी माणसं. बाळ दीड महिना आधी आलेलं. नाकात नळ्या लावून दाबाने हवा देणं चालू होतं. सकाळपासून श्वास वाढला, ऑक्सिजन उतरायला लागला. डॉ. रेवतींनी दिवे मालवून छातीला टॉर्च लावून पाहिली. उजव्या बाजूला उजेड जरा जास्त पसरला, शंका आली, खात्री होईना. म्हणून मला फोन.

शंका अशी होती: फुप्फुसातून हवा फुटून छातीत साठली आहे का? साठली असेल तर नळीतला दाब वाढवायचा नाही, सुई घालून ती हवा काढायची. साठली नसेल तर सुईचं काही काम नाही, उलट दाब वाढवायचा. दोन उपचार एकमेकांच्या उलटे, आणि ठरवायचं माझ्या फोटोवर.

माझी फोटोआधीची यादी सहा कलमी आहे, मशीनला चिकटवलेली. चौथं कलम: ‘बाळाच्या अंगाखाली हात फिरवून पाहणे.’ दोरे, ताईत, पिना, काय काय निघतं. पण बाळ धापत होतं आणि अशा बाळाला कमीत कमी हलवायचं असतं. वॉर्मरच्या गादीखाली फोटो टिपणारी प्लेट सरकवायचा कप्पा आहे, बाळाला उचलावं लागत नाही. मी चौथं कलम सोडलं.

“सिस्टर, ॲप्रन?”

“घातलं जी. पाच किलोचं ॲप्रन, दीड किलोचं लेकरू. उलटं असते तं बरं झालं असतं.”

काचेबाहेरून कौसल्याबाईंनी विचारलं, “तोंड दिसन का वो फोटूत?”

“तोंड नाही आजी, छाती.”

“काढा मंग. छातीच पाहाची हाय.”

शेजारच्या वॉर्मरवरच्या बाळाची आई उठून भिंतीला जाऊन टेकली. तिला सांगितलं, किरण या चौकटीपुरतेच, बटन सोडलं की संपले, खोलीत काही उरत नाही. सिस्टर सोडून बाकी सगळ्यांना दोन मीटर मागे घेतलं. पोट वर आलं. बटन दाबलं. आकडा माझा नेहमीचा, तक्त्यातला सर्वांत खालचा.

प्लेट घेऊन एक्स-रे खोलीत गेले. डॉ. रेवती मागोमाग आल्या. पडद्यावर फोटो उमटला, आणि उजव्या छातीत वरून खाली एक बारीक पांढरी रेघ.

“ताई, ही काय?”

“कातडीची घडी असेल. या बाळांची कातडी सैल असते, घडीची अशीच रेघ येते.”

“किंवा फुप्फुसाची कड,” त्या म्हणाल्या. “रेघेच्या बाहेर रक्तवाहिन्यांच्या रेषा दिसतात का? दिसल्या तर फुप्फुस तिथपर्यंत आहे. नाही दिसल्या तर तिथे हवा आहे. मला फक्त ठिपके दिसत आहेत.”

“आधीच्या सरांना एवढ्यावर दिसायचं.” हे वाक्य मी बोलले. लिहिताना बरं वाटत नाही, पण बोलले.

“मला नाही दिसत, ताई. सुई मला घालायची आहे.”

मी म्हटलं, “पुन्हा फोटो नको, मॅडम. बाळाला दुसरा डोस कशाला?”

त्या माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही. “यातून काही कळत नसेल, तर पहिला कशाला दिला?”

मी माझ्यापेक्षा निम्म्या वयाच्या मुलीसमोर उभी होते. वही सुरू केल्यापासून मी डोस मोजत आले होते. जो फोटो उत्तर देत नाही, त्याचा डोस कितीही कमी असला तरी तो सगळाच्या सगळा वाया गेलेला असतो, हे माझ्या कुठल्याच रकान्यात नव्हतं.

तेवढ्यात दारातून आवाज आला. कौसल्याबाई आमच्या मागे मागे आल्या होत्या. चप्पल बाहेर काढून, पदर डोक्यावर घेऊन उंबऱ्यात उभ्या.

“तो काठ हाय,” त्या म्हणाल्या.

“काय म्हणालात आजी?” मी विचारलं.

“ते पांढरं. माह्या मायच्या लुगड्याचा काठ हाय तो. खऱ्या जरीचा. पाहा ना, खाली मुडपला हाय, मीच मुडपला.”

डॉ. रेवतींनी रेघेचं खालचं टोक मोठं केलं. रेघ तिथे वळून परत वर आली होती. फुप्फुसाची कड अशी परत येत नाही.

त्यांच्या घरची रीत अशी, की लेकरू पहिल्यांदा निजतं ते घरच्या मागावरच्या जुन्या कापडावर. सकाळी वनिताचं दूध वाटीतून आणून द्यायला त्यांना गाऊन घालून आत सोडलं होतं. सिस्टर सिरिंज आणायला वळल्या, तेवढ्या वेळात त्यांनी काठाची वीतभर पट्टी चादरीखाली सरकवली. सिस्टरना विचारलं असतं तर नाही म्हटल्या असत्या, म्हणून विचारलं नाही.

कौसल्याबाई पडद्याच्या आणखी जवळ आल्या. चाळीस वर्षं सूत बघितलेली नजर. “पण हे असं विरळ काहून दिसून राहिलं? सूतच कमी पडल्यावानी. मायनं तं घट्ट विणला होता.”

त्या काठाबद्दल बोलत होत्या. मी फोटोकडे बघत होते.

रेघ काठाची, हे कळलं. पण काठाच्या आड हवा साठलेली नाही, हे कुठे कळलं होतं? बाळ अजून धापतच होतं. मी परत गेले, सिस्टरनी बाळ तळव्यावर उचललं, मी चादरीखालून पट्टी काढली. अंगाखाली हात फिरवला. चौकट लावली. मग आकडा दोन पायऱ्या वर घेतला, माझ्या टाळ्यांच्या आधीच्या महिन्यांत होता तेवढा. पोट वर आलं, बटन दाबलं.

हा फोटो स्वच्छ होता. सुंदर नव्हता, थोडी वाळू होतीच, पण रक्तवाहिन्यांच्या रेषा बरगड्यांच्या कडेपर्यंत मोजता येत होत्या. हवा नव्हती. फुप्फुसं नीट उघडत नव्हती, एवढंच. डॉ. रेवतींनी सुईचा ट्रे परत पाठवला आणि दाब वाढवला. अकरा बावीस झाले होते. म्हणजे बेचाळीस मिनिटं. त्यातली पंचवीस तरी माझ्यामुळे वाया.

दुपारी तीनला श्वास पंचावन्नवर आला. भोंगाडे सिस्टर बाळाशी बोलत होत्या, “काय वो बाई, पणजीचं लुगडं आतापासूनच पाह्यजे का तुले? हुंड्यात मागजो.”

कौसल्याबाई मात्र काचेबाहेरच्या बाकावर रडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या. “माह्या काठापायी लेकराले दोनदा करंट लागला ना, बाई? मीच पापी. मले काय माहीत जी, जरीचा काठ उमटते म्हणून.”

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. “करंट नाही आजी. आणि होतं असं. बाळ बरं आहे.”

होतं असं. हे दोनच शब्द. त्यांत खोटं काही नव्हतं, आणि मला सांगायचं होतं तेही नव्हतं. आजी, तुमचा काठ तिथे होता तरी, पहिला फोटो नीट काढला असता तर तो विणीसकट दिसला असता, आणि फुप्फुसही दिसलं असतं. मग दुसऱ्याची गरज बहुधा पडली नसती. आणि अंगाखाली हात फिरवायचं काम माझं होतं, तुमचं नव्हे. हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात मला अपघात विभागातून बोलावणं आलं, आणि खरं सांगायचं तर ते आलं याचं मला बरं वाटलं.

पट्टी मी धुऊन, वाळवून पाकिटात घातली, वर नाव लिहिलं, खणात ठेवली. वहीत नोंद केली. ‘पुन्हा काढावा लागला का?’ हो. कारण: बाळाखाली कापड. भोंगाडे सिस्टर सही करायला आल्या, त्यांनी ती ओळ वाचली.

“एवढंच का, ताई?”

“एवढंच.”

त्यांनी सही केली. त्यांचं ‘एवढंच का?’ मला दिवसभर ऐकू येत राहिलं. तिसऱ्या दिवशी मी ती ओळ खोडून पुन्हा लिहिली: कापड तपासले नाही, डोस गरजेपेक्षा कमी, दोन्ही चुका माझ्या.

मग कामाला लागले, कारण मला तेच येतं. डॉ. रेवती आणि मी दोन शनिवार बसलो, वहीतले जुने फोटो एकेक काढून पाहिले. कुठल्या वजनाला कुठल्या आकड्यावर उत्तर मिळतं, कुठे नुसतीच वाळू. वजनाप्रमाणे तक्ता केला. त्यात आता वरची मर्यादा आहे तशी खालचीही आहे. बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घेतला आणि मशीनवर लावला. वहीत एक रकाना वाढवला: ‘डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं का?’ बैठकीतला तो जुना तक्ता मी स्वतः भिंतीवरून उतरवला. शून्य आता शून्य राहिलेलं नाही. महिन्यात एखादा ‘हो’ लिहावा लागतो, आणि तो मी लिहिते.

बाळ वाढलं. घरी जायच्या दिवशी माझी सुट्टी होती, त्यामुळे पाकीट खणातच राहिलं. सप्टेंबरमध्ये वनिता तपासणीला आली, बाळाला घेऊन एक्स-रे खोलीच्या दाराशी थांबली. दोन किलो सहाशे. गालांना आकार आलेला. नाव ठेवलं होतं, ओवी.

“मॅडम, किती फोटू झाले वो हिचे? सासरी विचारतात.”

कार्डावर त्याला जागाच नाही. आमच्या संगणकावर दोन दिसतात: जन्मल्या दिवसाचा एक आणि त्या गुरुवारचा शेवटचा. नापास फोटो यादीतून निघून जातो. बाळाच्या अंगातून जात नाही. मी कार्डाच्या कोपऱ्यात पेनाने लिहिलं: एकूण तीन. खाली सही.

वनिताने वाचलं. “हो, आईपण तीनच सांगते. म्हणते, दोनातच भागलं असतं, तिसरा माह्यापायी झाला.”

“आई कुठे आहे? आली नाही?”

“नाही आली जी. तुमच्या दवाखान्यात येतच नाही म्हणते. आणि लेकराले कपडाही शिवत नाही आता. माह्या भावाच्या तिन्ही लेकरांचे झबले तिनंच केले. हिचं नाव काढलं की म्हणते, माह्या हातचं नको हिच्या आंगाले.”

बाहेर अकरा जण रांगेत होते, एक जण फ्रॅक्चरने कण्हत होता. पाकीट हाताच्या अंतरावर खणात होतं. वनिताकडे देता आलं असतं. दिलं नाही. नुसतं कापड परत गेलं असतं तर कौसल्याबाईंनी ते पेटीच्या तळाशी टाकून दिलं असतं. त्याच्याबरोबर जे जायला हवं, ते वनिताच्या हाती पाठवण्यासारखं नव्हतं. वनिताला म्हटलं, आईला सांग, मी येणार आहे. ओवीने तेवढ्यात शिंकून घेतलं आणि दोघी गेल्या.

आज ही यादी लिहून ठेवते आहे.

वजनाचा तक्ता, मशीनवर. झालं.
वहीत नवा रकाना. झालं.
चौथं कलम लाल अक्षरात. झालं.
शिशाच्या ॲप्रनची चिरलेली कड, दुरुस्तीला. झालं.
नवीन तंत्रज्ञ मुलीला पोट बघून बटन दाबायला शिकवणं. चालू आहे, हात चांगला आहे तिचा.
मोहाडी. बस सकाळी आहे, रविवारीही आहे, चौकशी केली आहे. पाकीट कौसल्याबाईंच्या हातात देणे. तिसरा फोटो कुणामुळे झाला, ते स्वतःच्या तोंडाने सांगणे. ओवीच्या झबल्याचं माप सोबत नेणे, वनिताकडून फोनवर घेतलं आहे.

या ओळीपुढची ‘झालं’ची जागा रिकामी आहे.